ताईकाकीची चटई

बाळारामकाका म्हणजे माझ्या पप्पांचे चुलत भाऊ, अंजूरचे, आणि अख्ख्या गावात स्वतःच्या बायकोला 'ताई' म्हणणारा हा एकच माणूस. कारण काकीचं नावच ताई आहे. शाळेच्या दाखल्यावर ताई, आधार कार्डवर पण ताई. लग्नात नाव बदलायला निघाले होते तर काकी रडत बसली म्हणे, मना माजाच नाव पायजे. मग तेच राहिलं. काका चारचौघात तिला 'अगो' म्हणतात, चिडले की 'धनेशची आय' आणि लाडात आले की ताई. तेव्हा केसरीनाथकाका, म्हणजे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, लांबून ओरडतात, "बालाराम, राखी बांधून घे रं!"

आणि काका हसतात. त्यांचं हसणं म्हणजे जुन्या टेम्पोला सेल्फ मारल्यासारखं. दोनतीनदा खर्रखर्र करतं आणि एकदा चालू झालं की सगळा रस्ता हलतो. कुठे भांडण होऊ दे, कोणी तोंडावर अपमान करू दे, कोणाकडे अगदी मयत झालेलं असू दे, काकांना काय करायचं ते सुचलं नाही की काका हसतात. सगळ्यांना ते आवडतं. मला पण खूप आवडायचं.

काकांची शेती होती खाडीच्या बाजूला. आता तिथे गोडाऊन आहेत, गाळ्यामागे गाळे, पार्सलवाल्यांना भाड्याने दिलेत. सगळ्यात शेवटचा गाळा गळतो म्हणून तो कोणी घेत नाही. आमच्या बैठका सुरू झाल्या त्या तिथेच. पण त्याच्या आधी धनेशदादाची हळद सांगायला पाहिजे.

आमच्याकडे हळद म्हणजे काय ते माहीत असेल. अख्खं गाव जेवायला, डीजे, मटण आणि थर्माकोलची ताटं. दुसऱ्या दिवशी काकांनी एका टेम्पोवाल्याला सांगितलं, हा कचरा उचल. त्याने उचलला आणि गोडाऊनच्या मागे सरळ खाडीत टाकला. कोणी विचारलं पण नाही कुठे टाकलास. मग लग्न झालं आणि दोन दिवसांनी उधाणाची भरती आली. नेमकी त्याच दिवशी करिष्मावहिनीला माहेरी न्यायला कोन गावावरून तिची माणसं आली. बघतात तर बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी ताटं. भरतीने आणून ओळीत लावल्यासारखी. वहिनीचा मामा गाडीतून उतरला, एकदा बांधाकडे बघितलं आणि म्हणाला, "व्याही, पंगत अजून उठली न्हाय का? ताटां तं मांडलेली हायत."

काका हसले. खूप हसले. मग दोन दिवस जेवले नाहीत.

आमच्या कॉलेजच्या आसावरी मॅडम भिवंडीत राहतात, त्यांचा एक ग्रुप होता, पर्यावरण, कामगारांचे हक्क, शांत जगणं वगैरे. बसायला जागा नव्हती त्यांना. मी काकांना बोलले आणि काका लगेच म्हणाले, शेवटचा गाळा घ्या. नुसता गाळा नाही दिला, स्वतः झाडला, वरती ताडपत्री टाकली, आणि भिवंडीतून स्टीलची ताटं, वाट्या, ग्लास आणले. प्रत्येक ताटावर दुकानदाराकडून नाव घालून घेतलं, बाळाराम म्हात्रे, अंजूर. गावात कोणाकडे काही असलं की हीच ताटं न्यायची, थर्माकोल बंद. आणि महिन्यातून एका रविवारी बैठक.

बैठकीत आधी गोल करून चटयांवर बसायचं, डोळे मिटून, श्वासाकडे बघत. मग बोलणं. खाडी, तिवरांची कत्तल, गोडाऊनमधल्या लोडरना मिळणारं पाणी. नुसत्या गप्पा नव्हत्या हां. पॅकिंगच्या बायकांसाठी बाथरूम नव्हतं आमच्या लाइनीत, ते काकांनी पार्सलवाल्या कंपन्यांच्या मागे लागून बांधून घेतलं. मग न बोलता, सावकाश जेवण. मॅडमनी सांगितलेलं, शाकाहारी. केसरीनाथकाका पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुकट पन न्हाय? मंग डोले मिटून कोनाला आठवाचा?" आणि जेवण झालं की परत डोळे मिटायचे, आभार मानायला. धान्याचे, मातीचे, ज्यांनी रांधलं त्यांचे.

ज्यांनी रांधलं ती मागे नळावर असायची.

तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, भात, सगळं काकीच करायची. करिष्मावहिनी असेल तर मदतीला, पण तिची नोकरी, तिला रविवारची सुट्टी कधी मिळायची कधी नाही. ताटं आधी धुवायची कारण गोडाऊनची धूळ, आणि नंतर घासायची कारण जेवलेली. आम्ही आत आभार मानत असायचो आणि बाहेरून ताटांचा आवाज यायचा, खण्ण, खण्ण. मॅडम एक डोळा उघडून हळूच म्हणायच्या, "बाहेर जरा..." आणि काका शटरपर्यंत जाऊन सांगायचे,

"अगो, हलू!"

आवाज बंद व्हायचा. काका परत येऊन बसायचे.

पण काका वाईट नाहीत, खरंच सांगते. त्यांच्या बाजूला दर वेळी एक जास्तीची चटई असायची, निळी, काठाला लाल पट्टी. कोणी बसायला गेलं की, "ती ताईची, ती ताईची." काकी भाकऱ्यांची टोपली ठेवायला आत आली की काका म्हणायचे, "पुढल्या टायमाला बस तू." काकी म्हणायची, "हां, बसतंय." प्रत्येक महिन्याला तेच. दोघांना ते खरं वाटायचं, मला वाटतं. काकांना तर नक्कीच.

एकदा मी नळावर गेले होते ग्लास द्यायला. केसरीनाथकाका पण तिथे हात धूत होते, काकीला चिडवत, "वयनी, नाव घ्या!" काकीने ताट उलटं करून त्यांना नवऱ्याचं नाव दाखवलं. "घेतंय काय, घासतंय ना. जातच न्हाय मेला." दोघं हसली. ते गेल्यावर काकीने मला नावाने हाक मारली, हळू आवाजात, "पूर्वी, आत डोले मिटून काय करताव गो तुमी?"

"काही नाही काकी, नुसतं बसायचं."

"नुसताच?"

"हो."

ती थोडा वेळ घासत राहिली. मग म्हणाली, "मी बसली तं कंचा लुगडा नेसू? यो नको ना, यो भांड्याचा हाय."

मी म्हटलं, "जांभळं नेसा, छान दिसतं तुम्हाला."

आणि एकदा तर बैठक संपली, सगळे गाड्या काढत होते, मी मोबाइल विसरले म्हणून परत आत गेले. काकी चटया गोळा करायला आली होती. सगळ्या तशाच गोल अंथरलेल्या, आणि ती निळ्या चटईवर बसली होती, पाय लांब करून, एकटीच. रिकाम्या चटयांकडे बघत होती. मला बघितल्यावर पटकन उठली आणि कोपऱ्यातली चटई गुंडाळायला लागली.

मग ती मोठी बैठक झाली. कल्याणहून लोक आले, ठाण्याहून आले, गाळा पूर्ण भरला. विषय होता गोडाऊनमध्ये पॅकिंग करणाऱ्या बायका, दिवसभर उभ्या असतात, बसायला स्टूल पण नाही. काका त्या दिवशी इतकं छान बोलले ना. "पाय सुजतात त्यांचं. एक स्टूल द्याला काय जातं? आपल्या घरची बाई अशी उभी रायली तं आपल्याला बघवल का?" टाळ्या. आणि टाळ्या थांबल्यावर बाहेरून, खण्ण.

मॅडमनी निळ्या चटईकडे बघितलं. म्हणाल्या, "बाळारामदादा, आज ताईंना बोलवा ना. आज त्यांनी बसायलाच हवं."

काका इतके खूश झाले, पळतच गेले. "ताई! ये, ये, बोलावलंय तुला!" लोकांसमोर ताई म्हणून हाक मारली.

काकी आली. जांभळं लुगडं होतं अंगावर. म्हणजे सकाळपासून तेच नेसून भाकऱ्या थापत होती ती, भांडी पण त्याच्यातच. पुढचा सगळा भाग ओला. ती निळ्या चटईवर मांडी घालून बसली, हात पदराला पुसले, परत पुसले. मी बरोबर समोर होते.

मॅडमनी विचारलं, "ताई, आपल्या या सगळ्या कामाबद्दल तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणाने सांगा."

काकीने सगळ्यांकडे बघितलं. मग काकांकडे. मग म्हणाली,

"मना वाटतं, थरमाकोलच बरा होता."

मग खर्र, खर्र, आणि काकांचं हसणं चालू झालं. "घ्या! घरातच दुश्मन निंगाला!" आणि सगळा गाळा हसला. कल्याणवाले हसले, केसरीनाथकाका डोळे पुसत होते, मॅडम पण हसल्या आणि म्हणाल्या, किती निरागस. मी पण हसले. वाक्यच तसं होतं ना.

काकी पण थोडी हसली. आणि मग तिने तोंड उघडलं, "म्हंजे..."

तेवढंच. पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही, कारण ती बोललीच नाही. काका हसतच होते. ती त्यांच्याकडे बघत बसली, हसणं संपेपर्यंत. रागाने नाही. एस्टीने उतरायचा स्टॉप मागे टाकला की माणूस खिडकीतून कसं बघतं ना, तसं. मग उठली. "भाकऱ्या रायल्यात," म्हणाली. आणि जाताना स्वतःची चटई गुंडाळून काखेत मारून घेऊन गेली.

काकांना कधी कळलं? ते म्हणतात, चटईची जागा रिकामी दिसली तेव्हाच. नीट अंथरलेली रिकामी चटई आणि नुसती जमीन याच्यात फरक असतो, असं ते मला म्हणाले. बैठक संपल्यावर ते मागे गेले तर सगळी ताटं घासून, पुसून, उतरंड लावून ठेवलेली. काकी घरी गेलेली. रात्री घरी त्यांनी विचारलं, "अगो, तू पुढं काय बोलनार होतीस?"

"काय न्हाय."

"म्हंजे, असा बोललीस ना तू."

"जेवतांव का?"

तिने वाढलं, ते जेवले. भांडण नाही, अबोला नाही, काही नाही. ती सगळं बोलते त्यांच्याशी, गॅस संपलाय, धनेशचा फोन आलेला, नळाचा वॉशर गेलाय. तेवढं एकच सोडून.

पुढच्या बैठकीपासून काकांनी नियम केला, आपलं ताट आपण घासायचं. स्वयंपाक पाळीपाळीने, पुरुषांनी पण. गावातले पुरुष कुरकुरले, कल्याणवाल्यांनी फोटो काढले. मोठी पातेली कोणी घासत नाही तर काका घासतात. पावडरने त्यांच्या बोटांना चिरा पडल्यात, जेवताना तिखट लागलं की हात मागे घेतात. हे सगळं काकीला दिसतं. ती खोबरेल तेलाची बाटली पुढे सरकवते. पण बैठकीला येत नाही.

आणि काका हसत नाहीत. म्हणजे हसतात, पण सेल्फ मारल्यावर गाडी चालूच होत नाही. केसरीनाथकाका बिचारे राखीचा विनोद करून करून थकले.

काका मला अजून विचारतात. "पूर्वी, तू समोर होतीस. तिचा तोंड बघितलास तू. पुढं काय बोलनार असल?" मग ते स्वतःच सांगतात. एकदा म्हणाले, म्हंजे थोडी मदत मिलली तं बरा, असा असल. एकदा म्हणाले, म्हंजे मना पन आत बसाचा होता. एकदा रिक्षा स्टँडवर भेटले, आजूबाजूला एवढी माणसं, आणि मधेच म्हणाले, "का ती माजी मस्करीच करनार होती, आन मी आदीच हसलो? तसा असल तं मंग अजूनच..." आणि रिक्षा आली, ते बसून गेले.

परवाच्या रविवारी बैठक होती. लोक जमले, मॅडम आल्या. काकांनी सगळ्या चटया अंथरल्या आणि आपल्या बाजूला जागा सोडली, नुसती जमीन. मला म्हणाले, "जा, काकीला बोलाव. तुजा आयकंल."

मी गेले. घराच्या ओट्यावर ती निळी चटई अंथरलेली होती आणि तिच्यावर सुकट वाळत घातलेली. काकी बाजूला काठी घेऊन बसली होती, कावळ्यांसाठी. मी म्हटलं, काकी चला ना. ती म्हणाली, "आता ही सुकट कोन राखल?"

तेवढ्यात मागून काका आले. गाळ्यात राहवलं नसेल त्यांना. त्यांनी चटई बघितली, सुकट बघितली. ते ओट्याच्या पायरीखाली बसले, नुसत्या जमिनीवरच.

"मिटिंग न्हाय का?" काकीने विचारलं.

"हाय."

"मंग?"

"बसलंय."

काकीने काठी त्यांच्याकडे दिली आणि सुकट वरखाली करायला लागली. एक कावळा आला, काकांनी हाकलला. परत आला, परत हाकलला. बराच वेळ असंच. मग काका काठीकडे बघतच म्हणाले, अगदी हळू, "ताई, म्हंजे... पुढं काय ता?"

काकीचा हात थांबला. मला वाटलं, आता. खरंच वाटलं.

"पुढल्या टायमाला सांगन," ती म्हणाली.

काका हसले नाहीत. नुसती मान हलवली आणि म्हणाले, "हां."

मी परत गाळ्यावर आले. सगळे डोळे मिटून बसले होते. मी माझ्या चटईवर बसले, पण मला डोळे मिटता येईनात.