कॉम्प्युटरने आप्पांना नाव विचारलं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीगोंद्यात आमच्या घरी एक कॉम्प्युटर होता आणि मला त्या एकाचे दोन करायचे होते. म्हणजे विंडोज आहे तिथंच ठेवून त्याच्या शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवायची. मासिकाबरोबर आलेली सीडी हातात पडल्यापासून मला दुसरं काही सुचतच नव्हतं. नगरच्या कॉलेजात एसटीने जाता-येता मी त्या मासिकातल्या लेखाची पारायणं करत होते.

मशीन मात्र आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते हौसेनं घेतलं होतं. सकाळचा चहा झाला की ते त्यावर पत्त्यांचा डाव मांडायचे. त्यांनी एकच अट घातली, "माझं पत्तं जिथल्या तिथं पायजेत. न्हाईतर तुझं ते जे काय हाय, ते त्याच दिवशी भायेर."

रविवारी दुपारी बसले. डिस्कचे दोन भाग करायची वेळ आली तेव्हा आकडे तीनदा ताडून पाहिले. एक आकडा चुकला असता तर पत्त्यांसकट सगळं साफ! देवाचं नाव घेतलं आणि एंटर मारलं. पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. मशीन पुन्हा सुरू झालं आणि थांबून विचारू लागलं, कोणतं चालू करू? मला विचारत होतं, मला! विंडोज उघडलं, पत्ते जागेवर. लिनक्स उघडलं, तेही हजर. मी आईला पिठाच्या हातानिशी ओढत आणलं.

"दोनी एका टायमाला चालत्यात का?" तिने विचारलं.

"नाही, एका वेळी एकच."

"मग एवढं नाचायला काय झालं?" म्हणत ती भाकरीकडे गेली. मी नाचतच राहिले.

त्या भरात मी लिनक्सला पहिला मान दिला होता. काहीही न दाबता थांबलं की तेच सुरू व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा नेहमीसारखे बसले आणि थांबले. पत्ते आलेच नाहीत. काळ्या पडद्यावर इंग्रजीत 'लॉगिन' एवढंच. कोण आलंय ते विचारतंय, हे त्यांनी बरोबर ओळखलं. मग जन्मभर सरकारी फॉर्म भरलेला माणूस जे करील तेच त्यांनी केलं. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. सगळं एका बोटाने. मशीनने चूक म्हणून सांगितलं आणि पुन्हा नाव विचारलं.

मी अंघोळ करून आले तर आप्पा लालबुंद. "माझ्याच घरात मला वळखत न्हाई व्हय हे? आजच्या आज काढून टाक."

मला रडूच यायला लागलं. एका दिवसात सगळं जाणार! तेवढ्यात सुचलं.

"आप्पा, मी त्याला तुमची ओळखच करून दिली नाही. थोडं थांबा."

मी त्यांच्या नावाची नोंद करायला घेतली. लिनक्सने पूर्ण नाव विचारलं. मग खोली क्रमांक. आप्पा खुर्ची ओढून जवळ आले.

"फुडची खोली, लिही."

ऑफिसचा फोन? "ऱ्हाऊ दे. आता कुठलं हापिस."

घरचा फोन? "शेजारच्यांचा दे. फुडं पीपी लिही, न्हाईतर त्याला वाटंल फोन आपलाच हाय."

पासवर्डच्या वेळी त्यांनी मला तोंड फिरवायला लावलं. मग लॉगिनपुढे त्यांनी नुसतं 'आप्पा' लिहिलं, पासवर्ड दिला, आणि मशीनने त्यांना आत घेतलं! मी टाळ्याच वाजवल्या. पडद्यावर काहीच नव्हतं, फक्त एक लुकलुकती रेघ.

"आता?"

"आता ते तुमच्या हुकमाची वाट बघतंय."

"मी हुकूम दिल्याबिगर काय करनार न्हाई?"

"काहीच नाही."

पत्ते पाहिजेत का, मी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि हाताची घडी घालून खुर्चीत मागे टेकले.

"काट्यावर सायबाच्या हुकमाची वाट बघण्यात जल्म गेला माझा," ते म्हणाले. "बघू दे त्याला बी जरा."