चार बोटं, माईंची

शेवटच्या भेटीत माईंनी मला औषधांबद्दल काही विचारलं नाही, की शेतातल्या कामांबद्दल. कल्याणच्या दवाखान्यात, नाकात नळी, आवाज पार बसलेला... आणि विचारलं काय, तर, "सुनंदा, टाकीत पानी काठोकाठ तं नाय ना भरलंस?" मी म्हटलं, "नाही माई, चार बोटं कमी आहे." त्यांनी एक डोळा उघडला. "तुझी का माझी?" "तुमची." मग त्या निवांत झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी शहापूरच्या घरी फोन आला. त्याला आता महिना होत आला.

माई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी धसईची. नव्वदच्या दशकात लग्न होऊन शहापूरला आले तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होते. माईंचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा आणि माझा घशातून बाहेर पडायचा नाही. मी त्यांना घाबरायचे, खोटं कशाला सांगू? दर पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून मी माहेरची एसटी गाठायचे. आईचा गुडघा, चुलत बहिणीचं बारसं, म्हशाची जत्रा... निमित्तांना तोटा नव्हता. घरात कुजबुज सुरू झाली होती. माई मात्र दर वेळी पिशवीत वाल नाहीतर भाजी कोंबून मला दारापर्यंत सोडायच्या. मला वाटायचं, ही बाई मला घालवायलाच टपली आहे.

त्याच दिवसांत एकदा वडील हातात दुधाची किटली घेऊन दोन एसट्या बदलून आले. किटलीत बोटाएवढं मरळाचं पिल्लू होतं. "तुझ्याच खाचरातलं हाय गो. करमंल तुला," एवढंच म्हणाले. सासूबाई हसल्या, "खायचा मासा कुनी पालतं का?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मोठ्या दिरांनी हौसेने आणलेली काचेची टाकी तेव्हा रिकामी पडली होती. तिच्यातले रंगीत मासे एकेक करून मेले होते आणि माई तिच्यात कांदे ठेवायच्या विचारात होत्या. त्यांनी पदर खोचला, टाकी घासली, विहिरीचं पाणी भरलं आणि फिल्टर सुरू केला.

चौथ्याच दिवशी मरळ टाकीबाहेर! भाताच्या कणगीखाली सापडला. पुढच्या वेळी केरसुणीपाशी होता, तव्यावर टाकायला पिठात घोळवावा तसा धुळीत माखलेला. हा मासा बाहेरही बराच वेळ तग धरतो म्हणून वाचला. तिसऱ्या वेळी मांजर त्याच्यापासून हातभरावर बसलेलं. माझा जीव टांगणीला लागला. हा मेला तर वडिलांना काय तोंड दाखवू? आणि खरं सांगायचं तर, हा मेला की या घरात माझं म्हणून काही उरणार नाही, असं मला वाटत होतं. विचार केला, पाणी कमी पडत असेल, भरपूर दिलं तर कशाला बाहेर जाईल? टाकी काठोकाठ भरली, वर काच बसवली, काचेवर वरवंटा ठेवला आणि निर्धास्तपणे बाजारात गेले.

परत आले तर वरवंटा जमिनीवर, काच भिंतीला टेकलेली, आणि माई ओल्या हातांनी परातीतल्या थोड्याशा पाण्यात मरळाला आधार देत बसलेल्या. तो आडवा पडून तोंड उघडझाप करत होता. "गो बाय, काय केलंस! मरळ वर येऊन हवा घेतो. तोंड काढाया बोटभर जागा नाय ठेवलीस. मासा पान्यात बुडून मेला असता!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसल्या. मी रडत होते. "मग उडतो कशाला? सगळं तर दिलंय त्याला."

माईंनी मासा सावरल्यावर त्याला टाकीत सोडला आणि तांदूळ निवडायला घेऊन टाकीसमोरच बसल्या. संध्याकाळी मला हाक आली. फिल्टरच्या नळीतून पाण्याची धार एका कोपऱ्यात वरून पडत होती आणि मरळ नेमका तिच्याखाली, वर तोंड करून उभा. "बघ. ह्याला वाटतं बांधावरनं पानी पडतंय. वलगणीला चढतोय तो." आमच्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे ओढ्यातून खाचरांत चढतात, ती वलगण. पडत्या पाण्यावर ते उडी घेतात म्हणून बांधाच्या तोंडाशी टोपली लावून आम्ही सगळ्यांनी ते धरलेले. पण घरातली धार म्हणजे बांध, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माईंनी सुतळी बांधून नळीचं तोंड पाण्याखाली नेलं. चार बोटं काचेला लावून तेवढं पाणी काढलं, वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणला. "हवा येल, हा जानार नाय."

तो पुन्हा उडाला नाही. दोन वर्षांनी टाकीत मावेना, तेव्हा आम्ही दोघी हंड्यात घालून त्याला धसईच्या तळ्यात सोडून आलो. एसटीभर माई हंड्याशी बोलत होत्या. पुढे टाकीत रंगीत मासे आले, पण ती चार बोटं तशीच राहिली.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. आता त्यांना नीट दिसत नाही. म्हणाल्या, "तुझं माहेर बंद करायचं ठरलंवतं गो आमचं. शिमग्यापर्यंत पाठवायची नाय. तवा माई आडवी आली." मी विचारलं, "काय म्हणाल्या?" "म्हनली, तिच्यावर झाकन नका ठेवू. जाऊं द्या, येल आपसूक."

इतक्या वर्षांत माईंनी मला हे कधी कळू दिलं नाही. माझ्या फेऱ्या कमी कधी झाल्या, तेही मला आठवत नाही. त्या वालाच्या पिशव्या मात्र आठवल्या आणि मी हमसून रडले... इतकी मी दवाखान्यातही रडले नव्हते.

रविवारी टाकीचं पाणी बदललं. काचेवर क्षारांची पांढरी रेघ आहे, माईंच्या हिशेबाची. मी चार बोटं लावून पाहिली, तर पाणी रेघेच्या वर जात होतं. त्यांची बोटं शेतातली, जाड. माझी बारीक. मग मी अंगठाही लावला आणि तेवढं पाणी काढलं.