आत्याला दाखवलेला स्वीडिश सिनेमा

बाप गेला तेव्हा मी रडले नाही. एवढं एकच वाक्य आमच्या माले गावात वर्षभर फिरत होतं, आणि ते फिरवलं माझ्या सख्ख्या आत्यानं. जलदान विधीला दारात बायका जमलेल्या. मी मागं भांडी घासत होते. आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाप मेला, पन पोरीनं टिपूस काढला न्हाई. दगड हाय, दगड!"

तिनं स्वतः असा गळा काढला होता की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. आत्या रडण्यात पटाईत. पौडपासून ताम्हिणीपर्यंत नात्यात कुणी गेलं की पहिला निरोप तिला. तिच्याशिवाय मयतीला मयतीची कळा येत नाही म्हणतात.

बापाच्या आजारपणात माझं रडून झालं होतं. न्हाणीत, नळ सोडून. ते बघायला कोण होतं? पण तो 'दगड' कानावर पडला आणि हातातलं पातेलं आपटून मी मनात म्हटलं, थांब आत्या, तुझं उट्टं काढलं नाही तर बापाचं नाव लावणार नाही.

मी पौडला खोली घेऊन राहते, नोकरीला हिंजवडीला जाते. सुट्टीच्या दिवशी स्वीडनचे सिनेमे बघते. राखाडी, थंडगार, माणसं बोलत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, "हे बघून डिप्रेशन येईल गं!" मला उलटंच होतं. बघून उठले की डोक्यावरचा हंडा खाली ठेवल्यासारखं हलकं वाटतं. तिकडं न रडणाऱ्या पोरीला कुणी दगड म्हणत नाही, म्हणूनही असेल. त्यातला एक मात्र असा जालीम की तो बघून मैत्रीण आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. तोच मी आत्यासाठी राखून ठेवला. म्हटलं, लोकांच्या दारात रडतेस ना, आता हे रडं घे घरी न्यायला.

पावसाळ्यात आत्या तहसील कचेरीच्या कामाला पौडला आली, तिची एस.टी. चुकली आणि छत्री झटकत माझ्याच दारात उभी राहिली. पुढची गाडी संध्याकाळी. आयतीच सापडली! चहा दिला, भाजलेल्या शेंगा पुढं ठेवल्या आणि सिनेमा लावला. बोलणं स्वीडिश, खालची अक्षरं इंग्रजी, त्यामुळं मीच तिला मराठीत सांगत होते.

बेटावरचं घर. म्हातारा मेलेला. शहरातून त्याची लेक येते. मयतीला चार माणसं, तीही कॉफी पिऊन निघून जातात. लेक कपबश्या विसळत राहते. शेजारची एक म्हातारी खुर्चीत गप्प बसलेली. मी संधी साधली.

"आत्या, ही म्हातारी म्हणतेय, मी ह्या पोरीला गावभर बदनाम केलं. माझ्या जिभेला हाड नाही. माझी जीभ झडो."

आत्याचा शेंग फोडणारा हात थांबला. "तिचं तोंड कुटं हाललं?"

मी शेंगा तिच्याकडं सरकवल्या.

"म्हातारी काय बोलली न्हाई. तू बोललीस."

आता उठून जाईल असं वाटलं, पण ती बसून राहिली. मी पडदा सोडून तिचं तोंडच बघत होते, कधी उतरतंय म्हणून. मेलं उतरेचना! सिनेमा संपला तशी टरफलं गोळा करत म्हणाली, "लई बरं वाटलं बया."

"बरं? एवढं दुःख बघून?"

"दुख हाय, पन दिखावा न्हाई. आमचं निम्मं रडनं लोकांसाटी असतंय. त्या पोरीनं धुतलेलाच कप परत धुतला, बगितलास? तूबी तवा घासलेलंच पातेलं घासत हुतीस. आज कळलं मला."

म्हणजे माझा सूड फुकट? मी उसळले. "आत्या, दगड म्हणालीस ते चारचौघांत, आणि कळलं ते माझ्या खोलीत? नाही चालायचं. चारचौघांतच परत घ्यायचं."

"बगू," म्हणाली आणि चपला घालून गेली. आमच्यात 'बघू' म्हणजे नाही. मी रात्रभर जळत होते.

बापाच्या पहिल्या पुण्यस्मरणाला त्याच बायका, तेच दार. बुद्धवंदना झाली. आत्या फोटोसमोर बसली आणि तिनं गळा काढला, "दादा रंऽऽ, तुज्या लेकीला मी दगड म्हनले रंऽऽ! ती आतनं रडत हुती रंऽऽ, मला आंधळीला दिसलं न्हाई रंऽऽ!"

अख्ख्या आळीनं ऐकलं. मी एकेका बाईच्या तोंडाकडं बघून घेतलं. सगळ्या खाली बघत होत्या. लई मजा आली, खोटं कशाला बोलू? मग नजर फोटोवर गेली आणि काय झालं कळलं नाही, आत्याच्या वरताण मीच हंबरडा फोडला. माणसांसमोर मी पहिल्यांदा रडत होते.

मागून एक बाई कुजबुजली, "आता कशाला रडतीया? वरीस झालं की."

आत्याचं रडं तिथंच थांबलं. नाक पुसून ती सावकाश मागं वळली.

"तू मरशील तवा मी येनार न्हाई," ती म्हणाली. "मग बग कोन रडतंय."