पोटातल्या बाळाच्या मांडीचं माप

आमच्या मजल्यावर चहाड्यांचं खातं माझ्याकडे आहे. शिंप्यापुढे उभं राहिलं की माणसं हात वर करून माप देतात आणि तोंड उघडून बातम्या. तरी समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंबद्दल एवढंच हाती लागलं होतं, की त्या इस्पितळात सोनोग्राफी करतात आणि अर्ध्या मिलीमीटरचा फरकही त्यांना झोंबतो. मी त्यांना मिलीमीटरबाई म्हणतो, तेही तोंडावर.

त्यांच्या धाकट्या जावेला मुलगी झाली, तेव्हा बाईंनी आधीच सांगितलेलं वजन तंतोतंत बरोबर आलं. सगळे निर्धास्त. पण पोर होती लांबलचक आणि नुसती हाडं-कातडं. अंगावर चरबी नाही, त्यामुळे ऊब टिकेना, रक्तातली साखर उतरली, चार दिवस काचेच्या पेटीत काढले. तेव्हापासून बाईंच्या डोक्यात एकच भुंगा. वजन सारखं असलं तरी एक बाळ लोण्याचा गोळा असतं, दुसरं काडी. मग ते आधी का कळू नये?

मोठ्या डॉक्टरांनी नाइलाजाने शंभर बाळांपुरती परवानगी दिली. शेवटच्या महिन्यात पोटातल्या बाळाच्या मांडीचं आणि पोटाचं चित्र घ्यायचं, कातडीखालच्या चरबीच्या पट्ट्याची जाडी मोजायची. मग बाळ जन्मल्यावर दोन दिवसांच्या आत कातडीची घडी धरून मोजणाऱ्या चिमट्याने त्याची खरी चरबी मोजायची. दोन्ही जुळलं, तर हे माप तपासणीत कायमचं घेऊ. नाहीतर हा नाद बंद, असं त्यांनी बजावलं. दोन वर्षं बाईंनी सुट्टीच्या दिवशीही बाळंतिणींचा वॉर्ड सोडला नाही. त्यांच्या नवऱ्याला मी विचारायचो, की बायको कशी असते ते अजून आठवतं का?

हे आकडे डॉक्टरांच्या सभेत मांडायला आठ दिवस उरले असताना बाई परकर उसवायला घेऊन आल्या. हातात छापील चित्रांचा गठ्ठा. मी आगाऊपणे दोन चित्रं शेजारी धरली. एकात मोजणीची फुली कातडीच्या आत होती, दुसऱ्यात बाहेर.

"हे माप शिलाईची माया धरून घेतलंत, आणि हे सोडून?" मी चेष्टेत म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. उभ्या उभ्या गठ्ठा चाळला. सुरुवातीच्या चाळीस बाळांत त्यांनी कातडीही मोजली होती. पुढे हात सरावला, फुली आत सरकली आणि त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

माझी तर पाचावर धारण बसली. मी म्हटलं, कुणाला काय कळतंय, माझं तोंड बंद राहील. (हे मी पहिल्यांदाच कुणाला कबूल करत होतो.)

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या. "सगळी शंभर पुन्हा मोजणार."

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी सातला इस्पितळात. पेशंट येईपर्यंत यंत्र मोकळं असे, तेवढ्यात त्यात साठवलेली जुनी चित्रं उघडून पुन्हा मोजायच्या. जन्मानंतरच्या आकड्यांवर नवऱ्याकडून कागद चिकटवून घेतले, म्हणजे उत्तर पाहून हात तिकडे झुकायला नको. अकरा बाळांची चित्रं यंत्रात साठवलेलीच नव्हती. ती अकरा त्यांनी सरळ वगळली. एकेका बाळासाठी त्या किती जिने चढल्या होत्या हे मला माहीत होतं, म्हणून मलाच हळहळ वाटली.

सभेत काय झालं ते नवऱ्याने बाह्यांचं माप देताना सांगितलं. डॉक्टरांनी विचारायच्या आत बाईंनीच सांगून टाकलं, की चूक माझी, म्हणून शंभरची एकोणनव्वद झाली. पोटाचं माप फारसं जुळलं नव्हतं, तेही लपवलं नाही. मांडीचं मात्र बऱ्यापैकी जुळलं होतं. नुसत्या वजनाने न कळलेली सात काडीबाळं मांडीने आधीच दाखवली होती.

डॉक्टरांनी पोटाच्या आकड्यांचे कागद बाजूला सारले. "पोट सोडा," ते म्हणाले. "मांडी ठेवा. कायमची नाही, अजून शंभर बाळं. आणि या खेपेला दोघांनी मोजायचं, वेगवेगळं."

"दुसऱ्या माणसासाठी मीच अर्ज आणलाय," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून कागद काढला.

परवा माझी सून तपासणीला गेली होती. बाळाचं वजन उत्तम आहे म्हटल्यावर ती खूश होऊन उठायला लागली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत निजवलं.

"थांब गं," म्हणाल्या, "मांडी राहिली."