सागाला पानं फुटल्यावर

हे मी कुठे लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलंही नाही — घरातसुद्धा नाही. आज मी वृत्तपत्रात काम करतो. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय बातमी सोडू नका, असं नव्या वार्ताहरांना सांगतो. सांगताना दर वेळी एक माणूस आठवतो. त्यांना मी विचारलं नव्हतं. म्हणजे — विचारायची गरजच नव्हती. त्यांनी आपणहून सांगितलं होतं.

त्याआधी मी एका लहान संस्थेत वायरलेस इंटरनेटचं काम बघायचो. ब्रह्मपुरीजवळ आमचा मनोरा, वैनगंगेपलीकडे पाच गावं. प्रत्येक गावात मनोऱ्याचा सिग्नल पकडणारा एक डबा आणि तो सांभाळणारा एक माणूस. मनोरा एका वेळी एकाच गावाशी बोलू शकायचा, म्हणून पाळ्या लावाव्या लागायच्या. कुणाला किती वेळ, किती वेगाने — हे ठरवायचं तर आपल्याकडे सिग्नल कसा आहे, ते प्रत्येक डब्याने सतत कळवत राहायला हवं. पण कळवण्यातही वेळ जातो. आमच्याकडे तोच कमी होता.

मी तो वाचवला. उन्हाळ्यात पाचही गावांचा सिग्नल मोजला, ते आकडे कायम केले आणि डब्यांचं कळवणं जवळपास बंदच करून टाकलं. वेग वाढला. शाबासकी मिळाली. चार गावं उघड्या धानशेतीत होती. तिथे काही बिघडलं नाही. पाचवं सागाच्या जंगलामागे होतं. मी मोजलं तेव्हा त्या सागावर एक पान नव्हतं.

तिथला डबा वसंताभाऊ सांभाळायचे. तलावात मासे धरणारा माणूस. श्रावणात ते जीपने ब्रह्मपुरीला आले. म्हणाले, "साहेब, सागाले पानं फुटले का लाइन मरते. तुमी उन्हाळ्यात मोजून गेले."

मी हसलो. हा माणूस मला शिकवणार?

त्याच आठवड्यात गावात जाऊन तपासलं. त्यांचं बरोबर होतं. सुपाएवढी ओली पानं मध्ये उभी होती, आणि मनोरा उन्हाळ्याच्या आकड्यांवर विसंबून माहिती भरधाव पाठवत होता. सगळं वाटेतच हरवत होतं. आमच्या नोंदीत मात्र त्या गावाला पाळी मिळत होती — इतरांइतकीच.

दुरुस्तीला किती वेळ लागला असता? अर्धा तास. पण मग ते आकडे कुणी कायम केले, असं कुणीतरी विचारलं असतं. मी थांबलो. तेवढ्यात वसंताभाऊंच्या शेजारची पौर्णिमा — तिचा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म शेवटच्या दिवशी गेलाच नाही. गावाने तक्रार केली. संस्थेने माझ्याकडे लेखी कारण मागितलं.

मी लिहिलं : डबा सांभाळणारी व्यक्ती तो वारंवार बंद ठेवते.

एवढंच. एक वाक्य.

वसंताभाऊंचं काम गेलं. "डबा बंद करून मासे धराले गेल्ता काय, वसंता?" असं लोक त्यांना विचारायचे — आधी थट्टेत, मग थट्टेत नाही. पौर्णिमाचं वर्ष गेलं. तिच्या घरचे भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलेनासे झाले. नवा माणूस नेमल्यावर मी गुपचूप डब्यांचं कळवणं पुन्हा सुरू केलं. लाइन सुधारली. माणूस बदलला आणि लाइन सुधारली — गावाने यातून काय समजायचं? ते काय समजतील, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

दोन वर्षांनी वडशाच्या बाजारात वसंताभाऊ भेटले. मी ती नोकरी सोडली होती. ते टोपली खाली ठेवून उभे राहिले. राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. पौर्णिमा पुढच्या वर्षी गेली शिकायला, असं त्यांनी सांगितलं. तिच्या घरचे अजून बोलत नाहीत, हेही सांगितलं.

मग म्हणाले, "आता लाइन बरी हाय, साहेब. माह्याच हातून कवा बटन दबलं असन. मले तं आठवत नाई."

मी म्हणालो, "असेल."

चालू-बंदची नोंद डब्यातच राहते. ते वाक्य लिहिण्याआधी मी ती वाचली होती. त्या पावसाळ्यात डबा एकदाही बंद झाला नव्हता.