दुसरी बुडी

हवाभाऊंचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. सायकलींची पंक्चरं काढण्यात जन्म गेला, त्यात नाव कुठे गळून पडलं कोण जाणे. पण कामाला माणूस पक्का. ठिगळ लावलं तरी ट्यूब पुन्हा टबात बुडवून बुडबुडे बघणारच. गिऱ्हाईक कितीही चुळबुळ करू दे. "काटा एकटा येत नसतो," हे त्यांचं पालुपद.

अशा माणसाला फ्लू झाला. जगात पहिला ताप आपल्यालाच आलाय अशा थाटात कण्हत पडले. ताप उतरला, तशी स्वारी दुकानात. थोडे दिवस बरे गेले, आणि पुन्हा हुडहुडी. छातीत कळ, खोकल्यात गंजाच्या रंगाचा कफ.

बायको डबा घेऊन आली तेव्हा भाऊ पंपावर वाकून धापा टाकत होते.

"जुनाच ताप आहे गं. जाईल."

"अहो, ठिगळ लावल्यावर ट्यूब पुन्हा का बुडवता?"

"दुसरं भोक असलं तर?"

"मग छातीला वेगळा नियम आहे का? उठा."

"या सायकलीला हवा..."

"सायकल थांबेल. श्वास थांबला तर पंप घेऊन मी बसू का?"

डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, फोटो काढला. न्यूमोनिया निघाला.

"पण फ्लू तर गेला होता," भाऊ पुटपुटले.

"गेला, पण घराची नासधूस करून. श्वासनळीचं अस्तर खरवडलं, जंतू गिळणाऱ्या पेशी लुळ्या पाडल्या. एरवी नाकाघशात गुमान राहणारे जंतू अशा वेळी फुप्फुसात उतरतात. त्यांच्यावर औषध आहे. आणखी उशीर केला असता, तर जिवावर बेतलं असतं."

बायकोनं भाऊंकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा सुई बरी, असं भाऊंना वाटलं असणार.

दवाखान्यात सलाईनमधून औषध गेलं, ताप हटला, कळ ओसरली. घरी सोडताना भाऊच म्हणाले, "बाई, छाती अजून एकदा ऐकता का?" बाईंनी हसून ऐकली. पुढच्या वर्षीपासून फ्लूची लसही घ्यायला सांगितली.

आता दुकान उघडलंय. दम अजून पुरता आलेला नाही, म्हणून भाऊ स्टुलावर आणि बायको टबापाशी.

"बुडबुडा नाही," ती म्हणाली.

"पुन्हा बुडव."

"तुम्हालाच बुडवायला हवं," ती म्हणाली, आणि ट्यूब पुन्हा बुडवली.