चहाडखोर डब्या

सगळा जिना त्यांना मावशी म्हणायचा. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि खिडकीशी पायमशीन. आसपासच्या निम्म्या पोरींचे फ्रॉक त्या मशीनवरून उतरलेले. शिलाई इतकी साफ, की फ्रॉक उलटा घातला तरी कुणाला पत्ता लागू नये. फक्त एकदा मशीनवर बसल्या की मावशींना जगाचा विसर पडायचा, आणि त्या जगात गॅसही आला.

एकदा दूध आटून पातेलं काळंठिक्कर पडलं, जिनाभर धूर झाला. चिरंजीव तडक येऊन थडकले. "आई, पुरे झालं. मशीन विकू, तू माझ्याकडे चल."

मावशी मशीनला चिकटून उभ्या राहिल्या. मुलाचं घर चांगलं होतं, सूनही गुणाची. पण तिथं मशीनला जागा नव्हती, आणि मशीनशिवाय करायचं काय, भिंतीकडे बघत बसायचं?

तेव्हा वरच्या मजल्यावरची सेन्सरवाली मध्ये पडली. गोदामांत आगीची वर्दी देणारी यंत्रं बसवणं हा तिचा धंदा. "दादा, मी मावशींकडे बसवते. एकदा जरी वेळेत कळलं नाही, तर खुशाल त्यांना घेऊन जा." चिरंजीवांनी नाखुशीनं मान डोलावली.

तिनं खोलीखोलीत छताला साबणाच्या वडीएवढी डबी चिकटवली. तारबीर काही नाही. एकीला धूर किंवा धग जाणवली की ती हवेतूनच शेजारच्या डबीला कळवणार, आणि दोघींचं एकमत झालं की घरच्यांचे, शेजाऱ्यांचे फोन वाजणार.

"म्हणजे माझ्या चहाड्या करणार मेल्या," मावशी म्हणाल्या. पण हळूहळू त्या डब्यांचाही त्यांना लळा लागला. इतका, की धूळ बसू नये म्हणून मावशींनी स्टुलावर चढून प्रत्येकीला झालरीचं टोपडं घातलं. ते पाहून सेन्सरवालीची हसून हसून पुरेवाट झाली. "अहो मावशी, नाक बांधल्यावर त्यांना वास कसा यायचा?" टोपडी त्याच दिवशी उतरली.

रविवारी चिरंजीव तपासणीला आले. गॅस पाहिला, बटणं पाहिली, तोंड वाकडं केलं. मग मागच्या खोलीत स्वतःच्या शर्टाला इस्त्री करू लागले. तेवढ्यात फोन आला, आणि ते बोलत बोलत गॅलरीत गेले.

जरा वेळानं जिन्यातले सगळे फोन कोकलू लागले, चिरंजीवांच्या कानाशी धरलेलासुद्धा. त्यांची पाचावर धारण बसली. "आई! काय जाळलंस?" ओरडत ते स्वयंपाकघरात घुसले. गॅस बंद होता. मावशी मटार सोलत होत्या.

"माझ्या फोनवर 'मागची खोली' असं आलंय," म्हणत त्याच पुढे धावल्या. इस्त्री कातरणांच्या ढिगावर पालथी पडली होती. ढीग नुसता धुमसत होता, ज्वाळा अजून उठायची होती. मावशींनी आधी प्लग उपटला, मग बादली ओतली. सेन्सरवाली आणि शेजारी पोचेपर्यंत आग विझलीसुद्धा. सगळ्यांनी इस्त्रीकडे पाहिलं, मग बनियनवर उभ्या चिरंजीवांकडे. त्यांचा चेहरा त्या अर्धवट इस्त्रीच्या शर्टासारखा झाला.

"हे... माझ्या घरी कधी बसवाल?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढच्या रविवारी," सेन्सरवाली म्हणाली.

"आणि माझी मशीन?" मावशींनी विचारलं.

"राहू दे गं आई."

मावशींना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याला भरल्या घरात जवळ ओढलं आणि लहानपणीसारखे त्याचे केस विस्कटले. "मग रविवारपर्यंत तू इथंच राहा," त्या म्हणाल्या. "तुला एकटं सोडायचं म्हणजे जिवाला घोर रे."